इंदूर : सॉफ्टवेअर व्यवसाय

होळकरांच्या राजधानीत, कापड गिरण्यांच्या पडत्या काळानंतर वाढलेला व्यवसाय. त्याचा खरा पाया शिक्षणाने घातला : श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्था (१९५२) आणि पुढे आयआयटी (२००९). इन्फोबीन्स ही कंपनी २००० साली इथेच निघाली. टीसीएस व इन्फोसिस यांची संकुले शहरातल्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर आहेत.

कामाची पद्धत बदलली ती साधनांमुळे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’ या साधनात प्रोग्रामची कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद राहते आणि सगळा इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असतो. नवखा अभियंता वेगळी शाखा काढून बदल करतो, ज्येष्ठ सहकारी तो ओळ न् ओळ तपासतो, मगच तो मुख्य शाखेत मिसळला जातो. ही तपासणी म्हणजे नवख्याची खरी शाळाच; ज्येष्ठाला ती पुण्यात किंवा बंगळुरूत बसूनही करता येते, नवखा इंदुरातच राहू शकतो.

इंदूरच्या जुन्या मराठी घरांना याचे मोल मोठे आहे. पदवी हाती पडताच मुलांनी पुणे गाठायचे, हा तिथला परिपाठ. आता आईवडिलांजवळ राहून नोकरी करणे काहींना तरी जमते.