भूचुंबकीय स्पंदने : शोधाचा इतिहास

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सेकंदाच्या अंशापासून सु. दहा मिनिटांपर्यंतच्या आवर्तकालाने होणाऱ्या सूक्ष्म चढउतारांना भूचुंबकीय स्पंदने म्हणतात. मूळ क्षेत्र सु. २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते; स्पंदनांचा परमप्रसर मात्र बहुधा काही नॅनोटेस्लाच असतो. चुंबकांबरातील (पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र प्रभावी असलेल्या अवकाशातील) आयनद्रायूत, म्हणजे प्लाझ्मात, उठणाऱ्या नीच कंप्रतेच्या तरंगांचे ते जमिनीवरील पडसाद होत. यांतील काही तरंग अनुस्पंदनाचे आहेत हे सिद्ध होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. कारण एकाच ठिकाणच्या नोंदीवरून तरंगाचे स्वरूप ठरविता येत नाही.

१८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाच्या वेळी इंग्लंडमधील क्यू वेधशाळेच्या छायाचित्रीय नोंदींत बॅल्फोर स्ट्यूअर्ट यांना अशी स्पंदने आढळली. १८६१ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. पण त्यांचे कारण अज्ञातच राहिले. विद्युत् संवाहक द्रायूत चुंबकीय बलरेषांच्या दिशेने तरंग जाऊ शकतात, असे स्वीडिश शास्त्रज्ञ हान्नेस आल्व्हेन यांनी १९४२ मध्ये दाखविले. त्याआधारे जेम्स डंगी यांनी १९५४ मध्ये अशी कल्पना मांडली की, दोन्ही टोके आयनांबरात बद्ध असलेली बलरेषा ताणलेल्या तारेप्रमाणे कंप पावते. तारेचा आवर्तकाल जसा तिची लांबी, ताण व वस्तुमान यांवर अवलंबून असतो, तसा बलरेषेचा तिची लांबी, क्षेत्राची तीव्रता व आयनद्रायूची घनता यांवर अवलंबून असतो.

१९६३ मध्ये स्पंदनांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरले. त्यातील पीसी–५ या अखंड स्पंदनांचा आवर्तकाल १५० ते ६०० सेकंद असतो. भूस्थिर कक्षेतील (उंची सु. ३५,८०० किमी.) एटीएस–१ या उपग्रहावरील चुंबकत्वमापकाने बलरेषेस काटकोनी दिशेतील आंदोलने नोंदविली. १९६९ मध्ये त्यांचा अर्थ अप्रगामी तरंग असा लावण्यात आला.

निर्णायक पुरावा अनेक केंद्रांच्या एककालिक नोंदींतून मिळाला. कॅनडातील चुंबकत्वमापकांच्या रांगेवरून सॅमसन, जेकब्स व रॉस्टोकर यांनी १९७१ मध्ये दाखविले की, परमप्रसर महत्तम असणाऱ्या अक्षांशाच्या दोन बाजूंस ध्रुवणाची दिशा परस्परविरुद्ध असते. १९७४ मध्ये साउथवुड यांनी, तसेच चेन व हासेगावा यांनी स्वतंत्रपणे याची उपपत्ती दिली. सौरवाताच्या प्रवाहामुळे चुंबकांबराच्या सीमेवर लाटा उठतात; त्यांची कंप्रता ज्या बलरेषेच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळते, तेथे ऊर्जा साठत जाते. महत्तमाच्या पलीकडे कला सु. १८० अंशांनी बदलावी, हे या उपपत्तीचे अनुमान होते. स्कँडिनेव्हियातील ‘स्टेअर’ रडार यंत्रणेच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत ते खरे ठरले.

या शोधामुळे जमिनीवर मोजलेल्या आवर्तकालावरून दूरच्या अवकाशातील आयनद्रायूची घनता काढता येते. पीसी–५ तरंग प्रारण पट्ट्यांतील इलेक्ट्रॉनांना अतिवेगवान करू शकतात व असे इलेक्ट्रॉन उपग्रहांना घातक ठरतात. म्हणून या तरंगांच्या अभ्यासास व्यावहारिक महत्त्वही आहे.