ल्योचेनटाल : गाव गमावलेल्या खोऱ्यातील प्रवास

स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्येस व्हाले हे डोंगराळ कँटन आहे. ऱ्होन नदी या प्रदेशातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि तिच्या दोन्ही तीरांना लहानमोठी अनेक खोरी येऊन मिळतात. उजव्या, म्हणजे उत्तरेकडील तीरावरील खोऱ्यांत ल्योचेनटाल हे सर्वांत मोठे. लांबी सुमारे २७ किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम दीड हजार. फेर्डेन, किप्पेल, विलर आणि ब्लाटेन ही त्यातील चार गावे लोंझा नदीच्या काठाने एकामागून एक चढत जातात. यांपैकी सर्वांत वरचे ब्लाटेन २८ मे २०२५ रोजी हिमनदीच्या बर्फाखाली आणि खडकांखाली गाडले गेले.

तेव्हापासून आल्प्समध्ये सुट्टी घालवण्याचा बेत करणाऱ्यांपुढे एक साधा प्रश्न उभा आहे : अशा खोऱ्यात जावे की नाही? खोऱ्याचा इतिहास आणि तेथील जीवनपद्धती समजून घेतली, तर जावे, असेच उत्तर मिळते. मात्र तेथील माणसे डोंगराशी ज्या सावधपणे वागतात, तीच सावधगिरी पाहुण्यानेही पाळली पाहिजे.

खोऱ्याची घडण

खोऱ्याच्या दक्षिणेस ३,९३४ मीटर उंचीचे बीचहॉर्न शिखर उभे आहे. १८५९ मध्ये इंग्लिश लेखक लेस्ली स्टीफन याने स्थानिक वाटाड्यांच्या साहाय्याने ते प्रथम सर केले. कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ ही त्याची कन्या. खोऱ्याच्या पूर्व टोकाला लांगग्लेचर ही हिमनदी असून तिच्यातूनच लोंझा उगम पावते. त्यामागील ल्योचेनल्युके ही खिंड ओलांडली की आल्प्समधील सर्वांत मोठ्या आलेच हिमनदीचा प्रदेश लागतो. बीचहॉर्न आणि आलेच यांचा हा परिसर २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

लोंझा हे नाव औषधनिर्मिती क्षेत्रातील वाचकांना परिचित असेल. बाझेल येथे मुख्यालय असलेली त्याच नावाची कंपनी १८९७ मध्ये या नदीच्या मुखाशी, गाम्पेल गावी स्थापन झाली. नदीच्या प्रवाहापासून वीज निर्माण करणे हा तिचा आरंभीचा उद्योग होता.

ऱ्होनच्या बाजूने खोऱ्याचे तोंड अरुंद घळीने बंद झालेले आहे. त्यामुळे विसाव्या शतकापर्यंत हिवाळ्यात हिमकडे कोसळू लागले की गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. तरीही खोरे निर्मनुष्य कधीच नव्हते. उत्तरेकडील ल्योचेनपास या सुमारे २,७०० मीटर उंचीच्या खिंडीत कांस्ययुगातील लाकडी धनुष्ये सापडली आहेत. माणसे येथून हजारो वर्षे ये-जा करीत आहेत, याचा तो पुरावा होय.

ही कोंडी फोडली ती रेल्वेने. कांडरस्टेग ते गोपेनस्टाइन हा १४.६ किलोमीटरचा ल्योचबर्ग बोगदा १९१३ मध्ये खुला झाला, पण त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. २४ जुलै १९०८ रोजी गास्टर्न खोऱ्याखाली खोदकाम चालू असताना पाणी आणि गाळ एकाएकी आत घुसला आणि २५ कामगार प्राणांस मुकले. तो भाग भिंत घालून कायमचा बंद करण्यात आला आणि बोगद्याला वळण देऊन पुढे नेण्यात आले. आज त्या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला हे वळण जाणवतही नाही.

ब्लाटेनमध्ये काय घडले

बीचहॉर्नच्या उत्तर उतारावर, ब्लाटेनच्या माथ्यावर, बिर्ख नावाची एक लहान हिमनदी होती. मे २०२५ मध्ये तिच्या वरच्या क्लाइनेस नेस्टहॉर्न या शिखराचा कडा खचू लागला. वर्षानुवर्षे गोठून राहिलेली जमीन खडकांच्या भेगांना सिमेंटसारखी धरून ठेवते, आणि तापमान वाढले की ती पकड सैल होते. खचलेले लाखो घनमीटर खडक हिमनदीच्या पाठीवर साचत गेले आणि त्या भाराने ती वेगाने खाली सरकू लागली.

हिमनदीवर आणि कड्यावर तज्ज्ञांची नजर होती. धोका वाढताच १९ मे रोजी गावातील सुमारे ३०० रहिवाशांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. गुरेढोरेही हलवण्यात आली. नऊ दिवसांनी, २८ मेच्या दुपारी, हिमनदी जवळजवळ संपूर्णपणे कोसळली. बर्फ, खडक आणि चिखल यांच्या राशीखाली गावाचा सुमारे ९० टक्के भाग गेला. राशीमुळे लोंझाचा प्रवाह अडला, मागे तळे साचले आणि वाचलेल्या घरांपैकी बरीचशी त्या पाण्यात बुडाली. या दुर्घटनेत एका व्यक्तीचा मृत्यू झाला. गाव रिकामे केले नसते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

एखाद्या विशिष्ट दरडीचे कारण केवळ हवामानबदल आहे, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या घाईचे ठरते, कारण डोंगर कोसळणे ही आल्प्समधील पुरातन घटना आहे. परंतु गोठलेली जमीन वितळत आहे आणि हिमनद्या आकसत आहेत, याबद्दल दुमत नाही. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. ब्लाटेन पुन्हा उभारण्याचा निर्धार तेथील ग्रामस्थांनी व्यक्त केला आहे. या खोऱ्याला अशा उभारणीची ओळख आहे. विलरचा मोठा भाग १९०० मध्ये आगीत भस्मसात झाला होता. आजचे विलर त्या राखेवर वसलेले आहे.

गावे आणि चालीरीती

जुन्या घरबांधणीसाठी किप्पेल पाहावे. लार्च वृक्षाच्या लाकडाची घरे शतकानुशतकांच्या उन्हाने काळपट तांबूस झाली आहेत. त्यांच्या दर्शनी भागावर कोरीव नक्षी आणि घर बांधणाऱ्यांची नावे आढळतात. धान्याची कोठारे लाकडी खांबांवर उभारून खांबांच्या माथ्यावर सपाट गोल दगड बसवलेले असतात. उंदरांना वर चढता येऊ नये, म्हणून ही युक्ती. गावातील वस्तुसंग्रहालयात खोऱ्यातील अवजारे, पोशाख आणि मुखवटे जतन केलेले आहेत.

हे मुखवटे म्हणजे ल्योचेनटालची खरी ओळख. स्थानिक भाषेत त्यांना आणि ते घालणाऱ्यांना ‘चॅगॅटा’ म्हणतात. डोंगरी पाइनच्या लाकडातून कोरलेले विक्राळ चेहरे, अंगावर मेंढीबकरीची कातडी आणि कमरेला गाईची घंटा, असा हा वेष असतो. फेब्रुवारीच्या आरंभापासून ख्रिस्ती उपवासकाळाच्या पूर्वसंध्येपर्यंत संध्याकाळी हे चॅगॅटा गावातून हिंडतात. समोर येईल त्याला पकडून तोंडाला बर्फ चोळतात. पूर्वी हा मान केवळ अविवाहित तरुणांचा होता. कार्निव्हलमधील गुरुवारी ब्लाटेनहून फेर्डेनपर्यंत धावत जाण्याची प्रथाही होती. पाहुण्याने या खेळात सापडण्याची तयारी ठेवूनच बाहेर पडावे.

उन्हाळ्यातील दृश्य याच्या अगदी उलट असते. कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला आणि त्यानंतरच्या रविवारी ‘देवाचे शिपाई’ लाल-पांढऱ्या जुन्या लष्करी गणवेशात चर्चच्या मिरवणुकीसोबत संचलन करतात. खोऱ्यातील तरुण एकेकाळी परकीय राजांच्या सैन्यात चाकरी करीत. परतताना त्यांनी आणलेले गणवेश कालांतराने धर्मविधीचा भाग झाले. पोटासाठी दूर देशी गेलेल्यांची आठवण गावाने अशा रीतीने जपली आहे.

१९३१ मध्ये अमेरिकी दंतवैद्य वेस्टन प्राइस येथे आला होता. राईची भाकरी, दूध आणि चीज यांवर वाढलेल्या मुलांचे दात इतके निरोगी कसे, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. त्याचे सगळे निष्कर्ष आज मान्य होतीलच असे नाही, पण खोऱ्याचा आहार फारसा बदललेला नाही. शाकाहारी प्रवाशाची येथे आबाळ होत नाही. उकडलेल्या बटाट्यांवर वितळलेले चीज घालून खातात ते राक्लेट, किसलेल्या बटाट्यांचे र्‍योस्टी, आणि बटाटा, लीक, सफरचंद व चीज भरून भाजलेली ‘कॉलेरा’ नावाची पेस्ट्री हे तिथले नेहमीचे पदार्थ. शेवटच्या दोहोंत कधीकधी डुकराचे मांस घालतात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होते आणि रविवारी दुकाने उघडत नाहीत.

पायवाटा आणि हिवाळी खेळ

विलरहून रज्जुमार्गाने सुमारे १,९७० मीटर उंचीवरील लाउखर्नआल्प येथे पोहोचता येते. उन्हाळ्यात येथूनच खोऱ्याच्या उत्तर उतारावरील प्रसिद्ध उंच पायवाट पकडता येते. पश्चिमेकडे होकेनआल्प, कुमेनआल्प, रेस्टीआल्प आणि फाल्डुमआल्प ही गुराख्यांची उन्हाळी वस्तीस्थाने क्रमाने लागतात. संपूर्ण वाटेवर समोर बीचहॉर्न दिसत राहते. पूर्वेकडे ही वाट फाफ्लरआल्पपर्यंत जाते, परंतु तो भाग ब्लाटेनच्या पलीकडचा असल्याने त्या दिशेला जाण्याआधी खोऱ्याच्या पर्यटन कार्यालयाकडून त्या दिवसाची स्थिती जाणून घेणे अनिवार्य आहे.

ज्यांना सौम्य चढउतार हवे असतील त्यांच्यासाठी खोऱ्याबाहेर, ऱ्होनच्या वरच्या उतारावर, रेल्वेमार्गालगतची वाट आहे. होटेन स्थानकाहून आउसरबर्गकडे जाताना जुने पूल आणि शेतीसाठी डोंगरकड्यांवरून काढलेले पाण्याचे पाट पाहायला मिळतात. ऑक्टोबरमध्ये लार्चची पाने सोनेरी होतात आणि गर्दीही ओसरते. हिवाळ्यात लाउखर्नआल्पवरील स्कीचे उतार होकेनहॉर्नग्रात येथे ३,१११ मीटरपर्यंत चढतात. ऋतूंच्या मधल्या काळात रज्जुमार्ग काही आठवडे बंद असतो.

प्रवासाची आखणी

बर्नहून कांडरस्टेगमार्गे ब्रिगला जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या गोपेनस्टाइनला थांबतात. २००७ मध्ये खुल्या झालेल्या ३४.६ किलोमीटरच्या नव्या पायथा बोगद्यातून जाणाऱ्या वेगवान गाड्या मात्र खोऱ्याखालून थेट फिस्पला निघून जातात, म्हणून तिकीट काढताना मार्ग तपासावा. गोपेनस्टाइनहून पिवळी पोस्टबस गावांकडे जाते. मोटार असल्यास ती कांडरस्टेगला रेल्वेवर चढवून सुमारे पंधरा मिनिटांत बोगदा पार करता येतो. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात असल्याने ब्रिटन, आखात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. स्विस ट्रॅव्हल पास फक्त परदेशी रहिवाशांनाच मिळतो.

पाहुण्याने पाळायची पथ्ये

पिवळ्या पाट्यांवरील साध्या वाटा सर्वांसाठी असतात. पांढरा-लाल-पांढरा पट्टा असलेल्या डोंगरी वाटांना भक्कम बूट आणि स्थिर पाऊल लागते, तर पांढरा-निळा-पांढरा पट्टा अनुभवी गिर्यारोहकांसाठी राखलेला असतो. पाटीवर दिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा कडकडाट होण्याची शक्यता असल्याने सकाळी लवकर निघावे. व्हालेमध्ये अपघातप्रसंगी १४४ या क्रमांकावर संपर्क साधावा. हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेचा खर्च विमा नसलेल्या प्रवाशाला स्वतःच भरावा लागतो. म्हणून पर्वतीय बचावकार्य आपल्या प्रवास विम्यात अंतर्भूत आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

बंद केलेली वाट आणि अडवलेला रस्ता यांचा मान राखणे हे येथील सर्वांत महत्त्वाचे पथ्य. कोसळलेल्या राशीजवळ जाऊन छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. ती जागा धोकादायक आहेच, शिवाय तेथे शेकडो माणसांची घरे गाडली गेली आहेत. ड्रोन उडवण्यापूर्वी निर्बंध तपासावेत. पाहण्यासाठी धावती भेट देण्यापेक्षा किप्पेल, विलर किंवा फेर्डेन येथे दोन-तीन रात्री राहावे, स्थानिक दुकानातून भाकरी आणि चीज घ्यावे, बसने फिरावे. आपले एक गाव हरवल्यावर उरलेल्या तीन गावांना नोकऱ्या, शाळा आणि दुकाने टिकवायची आहेत. खोऱ्यात मुक्काम करणाऱ्या पाहुण्याच्या खर्चाचा त्याला प्रत्यक्ष हातभार लागतो.

ब्लाटेनचे रहिवासी वाचले ते घरे सोडण्याचा आदेश त्यांनी वेळीच मानला म्हणून. समोरचा डोंगर त्या दिवशी अजून उभा होता, घरेही शाबूत होती. तरीही चावी लावून निघून जाण्याची शिस्त त्यांनी दाखवली. ल्योचेनटालमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने ‘वाट बंद आहे’ अशी पाटी दिसताच मागे फिरण्याइतकी तरी शिस्त सोबत न्यावी.