एका आळीत दोन बिशप

शेताची शीव जमिनीवर असते. बांध घातला, दगड रोवला की लहान पोरालाही कळतं, इथवर आपलं आणि तिथून शेजाऱ्याचं. पण मुंबईच्या कॅथलिक लोकांत सव्वाशे वर्षांहून जास्त काळ शीव जमिनीवर नव्हती, ती घराण्यात होती. एका आळीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन घरांचा बिशप वेगळा, पाद्री वेगळा, चर्चही वेगळं. मिस्सा तीच, प्रार्थना त्याच.

हे कसं झालं ते सांगतो. पोर्तुगालच्या राजाने इकडे मिशनरी पाठवले, चर्चं बांधली, त्यांचा खर्च उचलला. त्या बदल्यात पोपने त्याला बिशप निवडायचा हक्क दिला. त्याचं नाव पाद्रोआदो. पुढे १६२२ साली रोमने धर्मप्रसाराचं स्वतःचं खातं काढलं, ते प्रोपागांडा. एका शेतावर दोन मालकांनी नांगर धरावा तशी गत झाली.

मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर त्यांना पोर्तुगीज पाद्री नकोसे झाले. १७२० मध्ये त्यांना घालवून रोमच्या बाजूचे कार्मेलाइट आणले. १७८९ मध्ये चर्चं पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपकडे दिली, दोन वर्षांनी परत घेतली. लोकांची कुरकुर काही थांबेना. शेवटी १७९४ मध्ये वाटणीच झाली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासांव, ज्याला सगळे पोर्तुगीज चर्च म्हणतात, ही दोन गोव्याकडे. भुलेश्वरकडचं एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकल ही दोन रोमच्या बाजूकडे.

आमच्याकडे भावाभावांत वाटणी झाली तरी विहीर सामाईक ठेवतात. इथे विहिरीचीच वाटणी केली, मग भांडण कसं मिटणार? १८५३ साली माहीमच्या लोकांना बाजू बदलायची होती. रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह सेंट मायकलमध्ये दार लावून बसले आणि बाहेर दुसऱ्या पक्षाने वेढा घातला. अखेर सरकारने दार उघडायला लावलं. चर्च पाद्रोआदोकडे गेलं. एकाच धर्माची माणसं, आणि त्यांच्यात इंग्रज साहेबाने न्याय करायचा!

आमची वसई पाद्रोआदोत. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत झाला आणि वसई-साष्टीची चर्चं त्याच्या ताब्यात गेली. म्हणजे केळी, भाजी आणि फुलं मुंबईच्या बाजारात, आणि बिशप दमणचा!

१५ एप्रिल १९२८ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. दमणचा धर्मप्रांत बंद होऊन वसई-साष्टी मुंबईला जोडली गेली. एका गावावर दोन बिशप हा प्रकार संपला. मात्र करारात एक गाठ ठेवलेली होती. आर्चबिशप आळीपाळीने, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. आधी पोर्तुगीज लिमा आले, १९३७ मध्ये इंग्रज रॉबर्ट्स आले. एकी झाली खरी, पण पाण्याची पाळी दोन परक्यांतच. ज्यांनी चर्चं राखली, दर रविवारी भरली, त्या इथल्या माणसाची पाळी कुठेच नव्हती. रॉबर्ट्सनी हे ओळखलं आणि इथल्या माणसासाठी जागा सोडली. १९५० मध्ये पोर्तुगालनेही हक्क सोडला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

१९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. तीही वाटणीच, पण तिच्यात कोणी दार लावून बसलं नाही. कारण या वेळी शीव जमिनीवर होती. तू कोणाच्या घराण्यातला, असं कोणी विचारलं नाही. राहतोस कुठे, एवढंच विचारलं.