सांधा

समर्थ कारखान्याच्या गव्हाणीत शेवटची मोळी पडली आणि उसाचं बिल हातात आलं, की अंकुशनगरात आमच्या साच्यांचा हंगाम सुरू होतो. मळ्याला, गोठ्याला, प्लॉटला, सगळ्यांनाच काँक्रीटचं रेडीमेड कंपाउंड हवं असतं. हे काम मी पुण्यात शिकलो. अकरा वर्षं ओतकामावर होतो.

आमच्या भागात तयार काँक्रीट आधी आलं ते नळ्यांच्या रूपात. ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूमनं १९१० मध्ये साचा गरगर फिरवून नळी ओतायची रीत काढली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये मुंबईत इंडियन ह्यूम पाइप कंपनी उभी केली. ओढ्यावरच्या नळीत माणसाचं नाव आहे हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

अख्खं घर असं ओतायचं, तर काम फार अवघड. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के १९४३ मध्ये पुण्यात इंजिनिअर झाले, १९४४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पुढे स्वीडनचं सिपोरेक्स, म्हणजे हलकं काँक्रीट, आणलं आणि ‘थ्री एस’ पद्धत बसवली. पोकळ खांब यार्डात ओतायचा, क्रेननं उभा करायचा, त्यावर तयार बीम, बीमवर स्लॅबचे तुकडे. मग खांबाच्या पोकळीत, बीमच्या टोकांशी, सळया गुंतवून जागेवरच ओलं काँक्रीट भरायचं. सगळं घर त्या शेवटच्या भरणीवर एकजीव होतं. माझ्या मते शिर्क्यांच्या पद्धतीतली खरी अक्कल तिथं आहे.

असा सांधा कच्चा राहिला तर काय होतं, ते लंडनमध्ये दिसलं. तिथं १६ मे १९६८ ला रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत सकाळी चहासाठी गॅस पेटवला आणि स्फोट झाला. अठराव्या मजल्यावरची तयार भिंत बाहेर ढकलली गेली आणि एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. भिंती भक्कम होत्या, त्यांना धरून ठेवणारे सांधे कच्चे होते.

आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला. घरांना दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती होत्या, वर मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारा आरपार दगडच नव्हता. थर सुटले, माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. मराठवाड्यात बांधकाम करणाऱ्यानं ती पहाट विसरू नये.

अशीच चूक माझ्याकडूनही झाली, इथं स्वतःचं काम सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी. कंपाउंडच्या पट्ट्या चांगल्या ओतल्या होत्या. साच्याला ऑइल, टेबल व्हायब्रेटर, दुसऱ्या दिवशी काढून गोणपाटाखाली दहा दिवस पाणी. पण खांब काळ्या मातीत दोन फुटांवरच रोवले. पावसानं माती फुगली, दिवाळीत तिला भेगा पडल्या आणि अख्खी ओळ कलली. पदरचे पैसे घालून ती पुन्हा उभी केली.

तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात पहार मी स्वतः टाकतो. काळीत ती ‘दब्ब’ वाजते, मुरूम लागला की ‘खण्ण’. तो आवाज ऐकल्याशिवाय पोरांना खांब उचलू देत नाही.