पिट्सबर्गची दहा वर्षे

बेसबॉलचा इतिहास आपल्याकडे फारसे कोणी वाचत नाही, आणि त्यावाचून आपले काही अडले आहे असेही नाही. तरीही आज तिकडे वळावे असे आम्हांला वाटले, याचे कारण खेळापेक्षा निराळे आहे. एखादी मोडकळीला आलेली संस्था, मग ती शाळा असो, पतपेढी असो की नाटकमंडळी, नव्या कारभाऱ्याच्या हाती जाते. त्याच्या हातून ती सुधारते की आणखी बिघडते, हे कळायला किती वर्षे जावी लागतात? आणि ती कळेपर्यंतची वर्षे कोणाच्या पदरची खर्ची पडतात? या प्रश्नाचा नोंदीनिशी अभ्यास करावयाचा तर खेळाच्या संघासारखे साधन नाही. तेथे प्रत्येक दिवसाचा जयपराजय आकड्यांत लिहिलेला असतो. अहवाल गोड शब्दांत लिहून तो झाकता येत नाही.

ज्या काळाविषयी आपण बोलणार आहोत, त्या काळी अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मोठ्या साखळ्या होत्या आणि प्रत्येकीत आठ संघ. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघाने १५४ सामने खेळावयाचे. दोन्ही साखळ्यांतील पहिले संघ ऑक्टोबरात एकमेकांशी सात सामन्यांची मालिका खेळत. चार सामने जिंकणारा जगज्जेता. क्रिकेटशी या खेळाचे दूरचे नाते आहे. नऊ जणांचा संघ, नऊ डाव; चेंडू टाकणारा तो पिचर; आणि फटका मैदानाच्या भिंतीपलीकडे गेला तर तो होमरन. एवढी सामग्री आपल्याला पुरे.

पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. त्याचा संघ पायरेट्स, म्हणजे चाचे. १९०९ आणि १९२५ साली हा संघ जगज्जेता झाला होता. १९२७ साली आपल्या साखळीत पहिला येऊन न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून चारही सामने हरला होता. त्यानंतर उतरण लागली. १९०० सालापासून ज्या ड्रायफस कुटुंबाकडे संघाची मालकी होती, त्याने १९४६ साली तो विकला. घेणारे चौघे होते. त्यांत एक बँकर होता, एक जमीनजुमल्याचा व्यापारी जॉन गॅलब्रेथ होता, आणि चक्क बिंग क्रॉसबी हा गायक नटही होता. १९५० साली संघ ५७ सामने जिंकून ९६ हरला व तळाला गेला. त्याच वर्षी कारभार गॅलब्रेथच्या हाती आला आणि त्याने ब्रुकलिनहून ब्रँच रिकीला बोलावले.

रिकीचा परिचय थोडा विस्ताराने दिला पाहिजे. १८८१ साली ओहायोत जन्मलेला हा धार्मिक वृत्तीचा मेथॉडिस्ट माणूस. रविवारी मैदानावर पाऊल ठेवीत नसे. सेंट लुइस येथे त्याने एक नवी पद्धत घालून दिली: तयार खेळाडू महागात विकत घेण्याऐवजी लहान गावांतील दुय्यम संघ हाताशी धरावे, तेथे कोवळी मुले वाढवावी आणि पिकतील ती वर आणावी. शेतकऱ्याची रोपवाटिकाच ती. पुढे ब्रुकलिनला असताना त्याने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूशी करार केला, आणि १९४७ साली रॉबिन्सन मैदानात उतरल्यावर मोठ्या साखळ्यांत कित्येक दशके चालत आलेली वर्णबंदी मोडली. क्रीडापत्रकार या रिकीला ‘महात्मा’ म्हणत. हे नाव आपल्याकडूनच गेलेले. जॉन गंथर या लेखकाने गांधीजींचे वर्णन करताना ईश्वर, जन्मदाता बाप आणि न्यूयॉर्कचा राजकीय अड्डा यांचे मिश्रण अशा आशयाचे काही लिहिले होते. ते वाचून टॉम मीनी या पत्रकाराला हा तर हुबेहूब आपला रिकी असे वाटले. गांधीजींवर त्यात अन्याय झाला असेल. रिकीवर मुळीच झाला नाही.

ब्रुकलिनमध्ये सत्तेच्या ओढाताणीत रिकीला बाहेर पडावे लागले होते. वय एकूणसत्तर. पिट्सबर्गला येऊन त्याने आपली जुनी पद्धत पुन्हा हाती घेतली, आणि मग जे झाले ते पाहण्यासारखे आहे. १९५१ साली संघ सातवा आला. १९५२ साली ४२ विजय आणि ११२ पराभव! त्या संघात जो गॅराजिओला नावाचा खेळाडू होता. तो पुढे नामांकित निवेदक झाला आणि त्या एका हंगामावर त्याने जन्मभर विनोद सांगितले. १९५३ साली आठवा, १९५४ साली आठवा, १९५५ साली आठवा. विसाबावीस वर्षांची पोरे कसलेल्या संघांपुढे उभी केली जात आणि रोज मार खात. जॉनी आणि एडी ओब्रायन हे जुळे भाऊ महाविद्यालयात बास्केटबॉल गाजवून आलेले. त्यांनाही रिकीने थेट मोठ्या संघात घातले. त्यात कोरियाचे युद्ध. व्हर्नन लॉ हा होतकरू पिचर १९५२ आणि ५३ असे दोन हंगाम सैन्यात गेला. डिक ग्रोट हा रिकीने विद्यापीठातून सरळ उचललेला मुलगा १९५३ व ५४ मध्ये.

या अंधारात एकच दिवा होता, राल्फ किनर. १९४६ पासून १९५२ पर्यंत सलग सात वर्षे आपल्या साखळीत सर्वांत जास्त होमरन त्याचे; दोनतीनदा दुसऱ्या कोणाच्या बरोबरीने, पण त्याच्याहून जास्त कोणाचे नव्हते. संघ हरणार हे माहीत असूनही लोक किनरची पाळी होईपर्यंत बसून राहत आणि मग घरी जात. १९४८ साली पिट्सबर्गच्या मैदानावर १५ लाखांवर माणसे आली, त्यांत किनरचा वाटा मोठा. रिकीने त्याचा पगार कमी करावयाचे ठरविले. किनरने तक्रार केली तेव्हा मिळालेले उत्तर प्रसिद्ध आहे: तू असताना आपण शेवटचे आलो, तू नसताना शेवटचे यायला काय हरकत आहे? जून १९५३ मध्ये त्याला शिकागोच्या संघाला देऊन टाकण्यात आले. डावीकडची भिंत त्याच्या फटक्यांसाठी आत कुंपण घालून जवळ आणलेली होती. तो गेल्यावर, पुढचा हंगाम सुरू होण्याआधी तेही कुंपण काढले गेले.

रिकीचे चाहते हे उत्तर व्यवहारचातुर्याचा नमुना म्हणून सांगतात. आम्हांला ते तसे वाटत नाही. हिशेब बिनचूक होता, हे खरे. पण संध्याकाळी भट्टीवरून सुटून तिकिटाचे पैसे मोजणाऱ्या माणसाला त्या हिशेबात जागाच नव्हती. तो शेवटच्या क्रमांकासाठी येत नव्हता, किनरसाठी येत होता. १९५५ साली वर्षभरात मैदानावर आलेल्या प्रेक्षकांची संख्या पावणेपाच लाखांच्याही आत आली; म्हणजे सामन्यागणिक सहा हजार. पस्तीस हजारांच्या मैदानात सहा हजार माणसे कशी दिसत असतील, याची कल्पना करावी.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिट्सबर्ग आणि त्याला लागून असलेले होमस्टेड येथे कृष्णवर्णीयांचे दोन विख्यात संघ होते, क्रॉफर्ड्स आणि ग्रेज. जॉश गिब्सनसारखा फलंदाज त्या संघांतून खेळला आणि जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनला दार उघडण्याच्या तीन महिने आधी, मरण पावला. पायरेट्सची दैना चालू असताना त्यांच्याच शहरात असे गुणी खेळाडू होते आणि रंगामुळे त्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरलेले होते. खुद्द रॉबिन्सनला आणणारा रिकी पिट्सबर्गला आला, तरीही प्वेर्तो रिकोचा कार्लोस बर्नियर १९५३ साली आणि कर्ट रॉबर्ट्स १९५४ साली संघात येईपर्यंत तीन हंगाम गेले. या उशिराचे समाधानकारक कारण आम्हांला कोठे आढळले नाही.

त्या काळी रिकीच्या खात्यावर जमेला काय होते? एक टोपी होती. पिचरच्या चेंडूने कपाळमोक्ष होऊ नये म्हणून त्याने आपल्या खेळाडूंना १९५२–५३ च्या सुमारास प्लॅस्टिकची कठीण शिरस्त्राणे घालावयास लावली. असा हा पहिला संघ. (शिरस्त्राणे बनविणाऱ्या कंपनीत त्याचे स्वतःचे हितसंबंध होते, हे महात्म्याच्या दुसऱ्या अंगाला धरूनच झाले.) आणि दुसरे म्हणजे, तळाच्या क्रमांकाचा एक हक्क. इतर संघांच्या दुय्यम शाखांत अडकलेले काही खेळाडू वर्षाअखेर ठरावीक किमतीला उचलता येत, आणि निवडीची पहिली पाळी सर्वांत वाईट संघाची असे. १९५२ च्या अखेरीस एल्रॉय फेस हा बुटका पिचर ब्रुकलिनच्या रोपवाटिकेतून असाच आला. १९५४ च्या उन्हाळ्यात रिकीचा पारखी क्लाइड सुकफोर्थ ब्रुकलिनच्या माँट्रिऑल शाखेचा एक पिचर पाहावयास गेला. सामन्याआधीच्या सरावात प्वेर्तो रिकोचा एक मुलगा चेंडू फेकताना त्याने पाहिला, आणि पिचरचा विषय मागे पडला. तो मुलगा इतरांच्या नजरेला पडू नये म्हणून ब्रुकलिनवाले त्याला फारसे खेळवीतच नव्हते. २२ नोव्हेंबर १९५४ रोजी पिट्सबर्गने चार हजार डॉलरला त्याला उचलले. त्याचे नाव रॉबर्टो क्लेमेंते. त्याच वर्षी सतरा वर्षांच्या बिल मॅझरॉस्कीशीही करार झाला.

आता १९५५ चा हंगाम संपला त्या दिवशी आपण तेथे उभे आहोत असे समजू. पाच वर्षांत चार वेळा शेवटचा क्रमांक. क्लेमेंते साधारण खेळलेला. मॅझरॉस्की अजून दुय्यम संघात. रिकीचा करार संपला, प्रकृती बिघडलेली, आणि तो कारभारातून बाजूला झाला. त्या दिवशी कोणी निकाल मागितला असता तर आपण काय दिला असता? आम्ही तरी ‘साफ अपयश’ असाच दिला असता. हाती असलेल्या पुराव्यावरून तोच रास्त ठरला असता. पुढचे ठाऊक असल्यामुळे इतिहास लिहिणारा मागच्या प्रत्येक पराभवाला ‘पेरणी’ म्हणू लागतो. पण न उगवलेल्या शेतातही पेरणी झालेली असतेच.

रिकीच्या जागी जो ब्राउन आला. चित्रपटांतील एका गाजलेल्या विनोदी नटाचा हा मुलगा, वय सदतीस. आमच्या मते या कथेतील खरा नायक कोणी असेल तर हा, आणि तोही त्याने जे केले त्यापेक्षा जे केले नाही त्यासाठी. नवा कारभारी गादीवर बसला की पहिल्याने जुन्याची माणसे काढतो; ब्राउनला तसे करण्यास पाच वर्षांच्या पराभवांचे निमित्त आयते होते. त्याने ग्रोट ठेवला, फेस ठेवला, क्लेमेंते ठेवला, मॅझरॉस्कीला १९५६ मध्ये वर आणले. पोरांना सोबत हवी होती ती कसलेल्या माणसांची, आणि रिकीने नेमके तेच टाळले होते. १९५६ मध्ये सेंट लुइसकडून बिल व्हर्डन आणला. १९५७ च्या ऑगस्टात संघ पुन्हा तळाशी असताना बॉबी ब्रॅगनला काढून मैदानावरची सूत्रे डॅनी मर्टो या शांत माणसाकडे दिली. पुढच्याच वर्षी ८४ विजय आणि दुसरा क्रमांक! जानेवारी १९५९ मध्ये सिनसिनाटीशी मोठी देवघेव करून हार्वी हॅडिक्स, स्मोकी बर्जेस आणि डॉन होक असे तिघे मिळविले. त्या वर्षी फेसने १८ सामने जिंकले व एकच हरला. तरी संघ चौथा आला. ब्राउन डगमगला नाही. १९६० साली ९५ विजय, ५९ पराभव. तेहतीस वर्षांनी पिट्सबर्ग साखळीत पहिले, आणि समोर पुन्हा यांकीज.

ती मालिका विचित्र झाली. यांकीजने जिंकले ते सामने १६–३, १०–० आणि १२–० असे. पिट्सबर्गने तीन सामने जिंकले ते काठाकाठाने. १३ ऑक्टोबर १९६० रोजी फोर्ब्ज फील्डवर सातवा सामना. सुरुवातीला चेंडू हाती घेतला व्हर्नन लॉने, म्हणजे रिकी येण्याआधी, जुन्या मालकांच्या काळात करारबद्ध झालेल्या पिचरने. आठव्या डावाला यांकीज ७–४ ने पुढे. व्हर्डनने मारलेला साधा सरपटी चेंडू जमिनीवर उसळून यांकीजच्या टोनी क्यूबेकच्या गळ्यावर बसला. क्लेमेंतेने हलकाच फटका मारून जीव तोडून धाव घेतली आणि तो वाचला. मग ब्राउनने आणलेल्या हॅल स्मिथचा होमरन: ९–७. नवव्या डावात यांकीजने बरोबरी केली. आणि पिट्सबर्गच्या अखेरच्या पाळीला पहिलाच उभा राहिला मॅझरॉस्की, रिकीने सतरा वर्षांचा असताना घेतलेला मुलगा. राल्फ टेरीचा चेंडू त्याने डाव्या भिंतीपलीकडे धाडला. किनरसाठी घातलेले कुंपण जेथून काढले होते, तीच ही बाजू. १०–९. मालिकेतील एकूण धावा यांकीजच्या ५५, पिट्सबर्गच्या २७, आणि जगज्जेते पिट्सबर्ग! काही दिवसांत यांकीजने आपला वृद्ध व्यवस्थापक केसी स्टेंगल याला घरी पाठविले. बारा वर्षांत दहा वेळा त्याने संघाला साखळीत पहिला आणला होता.

श्रेय कोणाचे, हा वाद पिट्सबर्गमध्ये पुष्कळ झाला. लॉ जुन्यांचा, मॅझरॉस्की रिकीचा, स्मिथ ब्राउनचा. तिघांतील एक काढला तरी तो दिवस उभा राहत नाही. रिकीचे १९६५ साली निधन झाले. क्लेमेंते ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला. किनरने या संघाबरोबर एकही अजिंक्यपद पाहिले नाही. मात्र १९८७ साली पिट्सबर्गने त्याचा चार क्रमांक कायमचा राखून ठेवला.

१९६० साली मैदानावर १७ लाखांवर माणसे आली. त्यांतील किती जण त्या सहा हजारांपैकी होते, हे कोणी मोजून ठेवलेले नाही. फोर्ब्ज फील्ड १९७० साली बंद होऊन पुढे पाडले गेले, पण विटांच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या आवारात राखला आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला काही लोक तेथे खुर्च्या मांडून बसतात आणि त्या सामन्याचे आकाशवाणीवरील समालोचन पहिल्यापासून लावतात. निकाल सर्वांना ठाऊक असतो. तरी आठव्या डावात यांकीज ७–४ ने पुढे जातात, तेव्हाही ते बसून राहतात.