अभिसारापूर्वीची घालमेल : गाथासप्तशतीतील एक साक्ष

प्रियकराच्या भेटीस निघण्यापूर्वी जीवाची होणारी घालमेल हा विषय आपल्या साहित्यशास्त्राने फार लवकर वर्गवारीत बसविला. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ नायिकांत सजून वाट पाहणारी वासकसज्जा आहे, तशी स्वतः भेटीस जाणारी अभिसारिकाही आहे. स्वेद, रोमांच, वेपथू इत्यादी आठ सात्त्विक भावही तेथेच नोंदलेले आहेत. नाटककारास ही यादी सोयीची. भावनेचा इतिहास शोधणाऱ्यास ती अडचणीचीच ठरते. ज्या अवस्थेस आधीच नाव मिळाले आहे, तिचे वर्णन करणारा कवी पाहिलेले सांगतो की पढलेले, हे ठरविणे कठीण असते.

हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतील एक गाथा या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. माहाराष्ट्री प्राकृतातील हा संग्रह मूळ सातवाहनकालीन मानला जातो. त्यात पुढेही भर पडत गेली. वेबरने १८८१ साली त्याची समग्र आवृत्ती काढली, तर स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ साली निघाली. प्रस्तुत गाथेतील प्रसंग एवढाच : आज रात्री दाट काळोखात जावयाचे आहे, म्हणून एक तरुणी घरातच डोळे मिटून पावले टाकण्याचा सराव करीत आहे.

येथे एकाही सात्त्विक भावाचा उल्लेख नाही. मनातील अधीरता आणि धास्ती दोन्ही पायांत उतरली आहेत. शिवाय, वाट अंगवळणी पडलेल्या स्त्रीस असा सराव करण्याचे कारण नाही. तेव्हा ही तिची पहिलीच रात्र असावी, असा तर्क करणे वावगे ठरू नये.

भाषेची साक्षही हेच सांगते. जाण्यासाठी योजलेले 'गंतव्व' हे रूप भविष्यकाळाचे नव्हे, आज्ञेचेही नव्हे. त्यातील 'तव्य' प्रत्ययापासूनच मराठीतील 'जावे', 'करावे' ही रूपे आली. कर्ता 'मए' येथे तृतीयेत आहे, आणि 'त्याने जावे' असे म्हणताना आपणही तृतीयाच योजतो. जुन्या मराठीत हेच 'म्यां जावे' असे झाले असते. इच्छा आणि बंधन यांची फारकत न करणारे हे रूप त्या तरुणीच्या मनःस्थितीस नेमके लागू पडते. (तिच्यासाठी आलेला 'अज्जा' हा शब्द 'आर्या'पासूनचा; आपली 'आजी'ही त्याच कुळातली, हा योगायोग मौजेचा खरा.)

गंगाधरासारखे टीकाकार गाथांना वक्ता आणि प्रसंग जोडून देतात, व पुष्कळदा तो वक्ता दूती किंवा सखी असतो. तसे मानल्यास हा सराव नायकाचे मन वळविण्यासाठी सांगितलेली बातमी ठरतो. तो अर्थ अशक्य नाही; परंतु गाथेत दूती कोठेच नाही. तेथे आहे ते घर आणि मिटलेले डोळे.