खबर: कारखान्याची आणि भाषेची

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘किर्लोस्कर’चे नाव येते ते कथा, निबंध आणि सुधारणेच्या वादांच्या संदर्भात. हे मासिक एका नांगराच्या कारखान्यात जन्मले, ही गोष्ट आपण एका वाक्यात उरकतो. आम्हांस त्या वाक्यापाशीच थोडे थांबावेसे वाटते. यंत्र घडवणारा आणि यंत्र विकणारा यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न त्या मासिकाच्या मुळाशी आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेत या प्रश्नाने माणसाचा जीवही घेतला आहे. कार्ल बेन्झची 1886 ची मोटार तीनचाकी होती, कारण पुढची दोन चाके एकदम नीट वळवण्याची तोड तोवर त्याला सापडली नव्हती. ती 1893 साली साधली. परंतु नकाशावर साधलेले स्टिअरिंग घाटात साधेलच असे नाही. 30 मार्च 1900 रोजी फ्रान्समधील नीस ते ला तुर्बी या चढाच्या शर्यतीत डाइम्लर कारखान्याचा विल्हेल्म बाउअर पहिल्याच वळणावर आदळला आणि त्या जखमांनी मरण पावला. गाडी उंच, आखूड आणि जड. वेगात वळवली की हाताबाहेर जाणारी. या गाड्या नीसच्या धनिकांना विकणारा एमिल येलिनेक कानश्टाटच्या कारखान्याला सतत पत्रे आणि तारा पाठवी. गाडी लांब करा, रुंद करा, खाली आणा, हा त्याचा धोशा होता. हट्टाला वजन यावे म्हणून त्याने 36 गाड्यांची मागणीही नोंदवली. माइबाखने त्याप्रमाणे रचलेली गाडी त्या वर्षअखेरीस तयार झाली आणि येलिनेकच्या मुलीच्या नावाने ‘मर्सिडीज’ म्हणून ओळखली गेली. गाडीने वळण कसे घ्यावे, हे इथे कारखान्याला विक्रेत्याने शिकवले.

बेळगावी लक्ष्मणराव किर्लोस्करांना असा येलिनेक नव्हता. 1888 साली सायकलचे दुकान काढलेल्या या गृहस्थांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत आडवी आली. ती आपण अडाणीपणा म्हणून सहज हसण्यावारी नेतो. आम्हांस ते पटत नाही. ज्याची सारी भिस्त एका हंगामावर, तो नव्या अवजाराची परीक्षा आपल्या शेतावर का करू देईल? शिवाय लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी ती उलथतो. बैलांवर पडणारा ताण वेगळा, रुमण्यावरचा हातही वेगळा. नांगराचे स्टिअरिंग म्हणजे ते रुमणेच, आणि ते भट्टीपाशी उभे राहून पारखता येत नाही. काळ्या रानात ते कसे चालते, हे शेतकरी सांगणार, एजंट ऐकणार, आणि ते कारखान्यापर्यंत पोहोचले तरच पुढचा नांगर सुधारणार.

1910 साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिकडे अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1908 पासून ‘फोर्ड टाइम्स’ नावाचे पत्र आपल्या कामगारांसाठी आणि विक्रेत्यांसाठी चालवले होते. मॉडेल टी त्याच वर्षीची. किर्लोस्करवाडीचे तशाच जातीचे पत्र 1920 साली निघाले, ‘किर्लोस्कर खबर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर, शिक्षणाने चित्रकार आणि कामाने कारखान्याच्या जाहिरातींचे कर्ते. त्यांची ‘शंवाकीय’ ही आत्मकथा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी गद्यशैलीसाठी तरी अवश्य चाळावी.

नांगर विकायचा असेल तर वाक्य लांबवून चालत नाही, संस्कृत शब्दांची आरास करून चालत नाही, आणि वाचणाऱ्याला कमी लेखून तर मुळीच चालत नाही. पुढे याच पत्राचे मोठे मासिक झाले, 1930 मध्ये ‘स्त्री’ निघाले, आणि वाचकाशी समोरासमोर बोलणारे ते गद्य मध्यमवर्गाच्या घरोघरी शिरले. त्या गद्याचे श्रेय आपण इंग्रजी निबंधाला देतो. आमच्या मते त्यातला बराच वाटा एजंटाच्या पिशवीला द्यावा लागेल. मात्र एक गोष्ट खटकते: मासिक जसजसे साहित्यिक होत गेले, तसतसा रुमणे धरणारा वाचक मागे पडला आणि खुर्चीत बसणारा पुढे आला.

कालांतराने नावातला ‘खबर’ गळाला. आम्हांस तो शब्द गेल्याचे वाईट वाटते. मराठीत खबर देतातही आणि घेतातही.